घरच्या पीसीवर काउंटर-स्ट्राइक २ (सीएस२) या गेमचा सर्व्हर उभा करताना

मित्रा, मित्रांसोबत खेळायला घरीच सर्व्हर चालवायचा, त्यासाठी पीसी घ्यायचा म्हणतोस, तर उत्साह हवाच! पण खर्च करण्याआधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) बघ. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर तू सीजीनॅटमागे आहेस, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग राउटरवर २७०१५ हा यूडीपी पोर्ट (गेमचा डेटा आत येण्याचं दार) कितीही वेळा उघड, जुळे सोलापूरचा मित्र आत येणारच नाही. इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुझा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) माग, नाहीतर मुंबईतला व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) भाड्याने घे.

पीसी नवाच हवा असं नाही. प्रोसेसरचा वेगवान कोअर महत्त्वाचा, कोअरची संख्या नंतर. ८ जीबी रॅम, १०० जीबी मोकळी एसएसडी, ग्राफिक्स कार्ड नको. लिनक्सवर वेगळा युजर बनव (रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यावरून, सर्व्हर कधीच चालवू नकोस), स्टीमसीएमडी (सर्व्हरच्या फाइल्स उतरवणारं स्टीमचं साधन) टाक आणि ॲप क्रमांक ७३०, म्हणजे सीएस२, उतरव. बाहेरच्यांना खेळायचं असेल तर स्टीमवरून सर्व्हरचं लॉगिन टोकन काढ. आरकॉनचा (सर्व्हरला दुरून हुकूम देण्याच्या सोयीचा) पासवर्ड लांबलचक ठेव.

काल चालणारा सर्व्हर आज कुणालाच आत घेत नाही? बहुतेक वेळा गेमचं अपडेट आलेलं असतं. सर्व्हर थांबवून ७३० पुन्हा अपडेट कर.

वायफाय नको, केबलच लाव. पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) उड्या मारतं ते वायफायवरच. दर खेळाडूमागे १ एमबीपीएस अपलोड धर. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे पंख्यातली धूळ मार्चआधीच काढ. यूपीएसवर पीसीसोबत राउटर आणि फायबरचा डबाही हवा. लाइट गेल्यावर नुसता पीसी चालू राहून उपयोग नाही.