वाचकांचे प्रश्न : गॅलरीत आलेला हिरवा पतंग

प्रश्न : मागच्या आठवड्यात पाऊस थांबल्यावर रात्री आमच्या गॅलरीत ट्यूबलाइटजवळ तळहाताएवढं फिक्कट हिरवं फुलपाखरू येऊन बसलं, मागे दोन लांब शेपट्या, पंखांवर डोळे. शेजारीपाजारी सगळे बघायला आले, कुणी म्हणे लक्ष्मी आली, कुणी म्हणे जहरीला आहे मारून टाका. मुलाने ग्रुपवर फोटो टाकला तर "अतिदुर्मिळ" असं उत्तर आलं. साखरपाणी ठेवलं तर शिवलंसुद्धा नाही. हे नक्की काय आहे आणि खरंच दुर्मिळ आहे का?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, मारलं नाहीत हे फार बरं केलंत. हे फुलपाखरू नाही, पतंग आहे, चांद्र पतंग, शास्त्रीय नाव ॲक्टिआस सेलेनी. टसरचं रेशीम देणारा पतंग असतो ना, त्याच घराण्यातला. अगदी आपल्या मातीतला, भारत, नेपाळ, श्रीलंका सगळीकडे आहे, बाहेरून आलेला पाहुणा नाही.

साखरपाणी त्याने घेतलं नाही कारण घ्यायला त्याच्याकडे तोंडच नाही! म्हणजे नावाला आहे, कामाचं नाही. जे काय खायचं ते अळी असताना खाऊन झालेलं असतं, त्या साठ्यावर हा आठवडाभर जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते आणि संपलं. तुमच्या फोटोत मिशा रुंद, पिसासारख्या दिसतायत म्हणून हा नर असावा, मादी रात्री जो गंध सोडते तो दुरून टिपायला त्याला त्या मिशा लागतात. फोटो मोठा करून पुढच्या पंखाची वरची कड बघा, गडद किरमिजी रेघ दिसेल, आणि अंगावर पांढरी दाट लव.

आता शेपट्या. लोकांना वाटतं शोभेच्या आहेत, पण त्या जीव वाचवतात. याचा अमेरिकेतला भाऊबंद आहे लूना नावाचा, त्याच्यावर 2015 साली तिकडे प्रयोग झाला. वटवाघूळ अंधारात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर शिकार धरतं, आणि उडताना भिरभिरणाऱ्या शेपट्यांमुळे त्याचा नेम चुकतो, निम्म्याहून जास्त वेळा झडप शेपटीवरच पडली, आणि शेपट्या काढलेल्या पतंगांपेक्षा शेपटीवाले सुमारे 47 टक्के जास्त वाचले. म्हणून शेपटी तुटलेला चांद्र पतंग दिसला तर हळहळू नका, तो कुठूनतरी सुटून आलेला असू शकतो.

दुर्मिळ म्हणाल तर माझं मत ग्रुपवाल्यांपेक्षा वेगळं आहे. दरवर्षी पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून "दुर्मिळ पतंग सापडला" अशी बातमी येतेच, आणि बहुतेक वेळा तो हाच असतो. तो कमी दिसतो कारण रात्रीचा आहे, आठवडाभराचा आहे, आणि दिवसा पानात पान होऊन बसतो. भारतात पतंगांच्या 10,000 च्या वर जाती आहेत, फुलपाखरांपेक्षा कितीतरी जास्त, आणि आपल्याला त्यातली दहा नावं येत नाहीत. आधी आपण बघायला शिकू या, दुर्मिळ कोण ते मग ठरवू. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग सप्ताह असतो, 2012 पासून, आपल्याकडचे लोकही त्यात भाग घेतात, पांढरी चादर टांगून त्यावर दिवा लावतात आणि जे येईल त्याची नोंद करतात. मुलाला यात नक्की घाला.

पण हा आपल्याकडे टिकेलच असंही नाही. याच्या अळीला मोईचा पाला फार आवडतो, आपल्याकडे हिंदीत मोयन म्हणतात तेच झाड, इंदूरजवळ चोरल, पातालपानीकडच्या रानात असतं. लाकूड किमती नाही, झाड उन्हाळ्यात निष्पर्ण, त्यामुळे प्लॉट साफ करताना आधी तेच जातं आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नाही. मला वाटतं, वाटायला हवं.

प्रश्न : पतंगाच्या पंखांची पावडर डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो म्हणतात, खरं का?
— ग्वाल्हेर

उत्तर : नाही. ती पावडर म्हणजे पंखावरचे बारीक खवले. डोळ्यात कसलीही धूळ गेली की चुरचुरतं तेवढंच, चोळू नका, पाण्याने धुवा. केसाळ सुरवंटांना मात्र हात लावू नका, त्यातल्या काहींच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते.

प्रश्न : बाहेरचा लाइट बंद केला तर पतंग जातो का? दिव्याभोवती घिरट्या का घालतो? आणि माझ्या नातवाला पानांत गुंडाळलेला तपकिरी कोष सापडलाय, घरी ठेवू का?
— बडोदा

उत्तर : जातो, लाइट बंद करून थोडा वेळ थांबा. उजेड त्याला ओढतो असं आपण धरून चाललो होतो, पण 2024 मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की उडणारे किडे पाठ उजेडाकडे ठेवून उडतात, कारण रात्री आकाशाची बाजू तेवढी उजळ असते, तीच वरची बाजू. दिवा जवळ असला की हा हिशोब बिघडतो आणि ते तिथेच गिरक्या घेत राहतात.

कोष शक्यतो होता तिथेच ठेवा. आधीच तोडून आणला असेल तर डबा नको, बरणी तर नकोच. जाळीच्या टोपलीत, सावलीत, थोडा ओलावा राहील असा ठेवा आणि आत एक खडबडीत काटकी उभी करा. बाहेर आल्यावर पंख ओले, चुरगळलेले असतात, वर चढून लटकता आलं तरच ते नीट पसरतात, नाहीतर तसेच वाकडे वाळतात. पंख वाळले की त्याच संध्याकाळी, अंधार पडल्यावर, जिथून कोष आणला त्या झाडाखाली सोडा, नातवाला बरोबर घेऊन जा.