१४ एप्रिल १९४४, मुंबई: रास, लग्न आणि तो महिना

तुमच्या वडिलांचा जन्म १४ एप्रिल १९४४ चा, मुंबईतला. प्रसूतिगृहाच्या चिठ्ठीवर संध्याकाळचे साडेसात लिहिलेत, पण आजी सांगायच्या की बाळ झालं तेव्हा बाहेर ऊन होतं. रास कोणती आणि युद्धाच्या त्या महिन्यात जगात काय चाललं होतं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी ओझरतं लिहिलंय की गोदीचा स्फोट त्याच दिवशी झाला, त्यात मूळ नक्षत्र, म्हणून नात्यातली माणसं वडिलांना पांढऱ्या पायाचा म्हणायची. मला तेच वाक्य सगळ्यात लागलं. पण आधी वेळेचं बघू, कारण बाकीचं त्यावर उभं आहे.

आजी बरोबर सांगत होत्या आणि चिठ्ठीही बरोबर आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने देशभरातली घड्याळं एक तास पुढे केली होती. ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तासांऐवजी साडेसहा. जुने ज्योतिषी याला ‘वॉर टाइम’ म्हणतात आणि त्या काळातल्या जन्मवेळेतून एक तास वजा करूनच पत्रिका मांडतात. एप्रिलच्या मध्यावर मुंबईत सूर्य सातला पाचेक मिनिटं असताना मावळतो. त्या वर्षी घड्याळात तेव्हा आठ वाजायला आले असणार. म्हणजे चिठ्ठीतले साडेसात हे आपल्या आजच्या वेळेने साडेसहा, सूर्यास्ताला अजून वीस-पंचवीस मिनिटं होती. मुंबईत तेव्हा आणखी एक घड्याळ चालायचं, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’. महापालिकेने तो १९५५ पर्यंत धरून ठेवला होता. चिठ्ठी त्या वेळेची असती तर जन्म आठ वाजून गेल्यावर, काळोखात झाला असता. आजींची आठवण तो पर्याय काढून टाकते. पत्रिका करताना मी घरातल्या बाईच्या अशा आठवणीला कागदाइतकाच मान देतो. दिवेलागण, गाईगुरं परतण्याची वेळ, पहिली लोकल, या खुणा सरकारी हुकमाने पुढेमागे होत नाहीत.

एका तासाने काय बिघडतं? तुमच्या वडिलांच्या बाबतीत लग्नच, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रासच बदलते. सूर्य मावळताना पूर्वेला त्याच्या समोरची रास उगवत असते. सूर्य नुकताच मेषेत शिरला होता, म्हणून सूर्यास्ताला तूळ लग्न लागणार आणि त्याच्या आधी कन्या. साडेसात जसेच्या तसे घातले की तूळ लग्न येतं. तास वजा केला की कन्या, शेवटच्या अंशांतलं. बारा भावांची मांडणी एका घराने सरकते. तुम्ही पाठवलेल्या छापील पत्रिकेत तूळ आहे, तेव्हा ती करणाऱ्याने हा तास धरलेला नाही.

रास मात्र दोन्ही वेळांना तीच राहते. चित्रापक्ष अयनांशाने (आपल्याकडच्या पंचांगांत राशी मोजायची रूढ पद्धत) चंद्र धनु राशीत, मूळ नक्षत्राच्या चौथ्या चरणात, म्हणजे शेवटच्या चौथ्या हिश्शात. तिथी चैत्र वद्य षष्ठी, शके १८६६, तारण संवत्सर, वार शुक्रवार. जन्माची महादशा, म्हणजे ग्रहाच्या अमलाचा काळ, केतूची. त्या तासाने तिची शिल्लक तीन महिन्यांहून थोडी अधिक बदलते, आणि पुढच्या सगळ्या दशांच्या तारखा तेवढ्याच हलतात. सूर्य आदल्याच दिवशी, १३ तारखेला सकाळी, निरयन, म्हणजे आपल्या पंचांगाच्या, मेषेत आला होता. पाश्चात्त्य पद्धतीनेही त्या तारखेला मेषच, त्यामुळे दोन पद्धतींचा नेहमीचा घोळ इथे नाही. गुरू उच्चीचा, म्हणजे सर्वात बलवान मानतात त्या राशीत, कर्केत, पण सोबत राहू. मंगळ मिथुनेत.

आता तो महिना. इंफाळ आणि कोहिमाला जपान्यांनी वेढा घातला होता. मार्चमध्ये सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण त्यांच्याशी झुंजली, ते इथल्या कितीतरी घरांतले जवान. आणि तुमच्या वडिलांच्या जन्माच्याच दिवशी, १४ एप्रिलला, मणिपूरमध्ये मोइरांगला आझाद हिंद सेनेच्या शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला. भारतीय जवान दोन्ही बाजूंना होते, हे वाचताना आजही पोटात कालवतं. तिकडे १० तारखेला लाल सेनेने ओडेसा सोडवलं. पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी कैदेत होते, कस्तुरबा २२ फेब्रुवारीला तिथेच वारल्या होत्या; गांधीजींची सुटका ६ मेला झाली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या बाबासाहेबांचाही तो वाढदिवस, त्रेपन्नावा.

आणि मुंबईत व्हिक्टोरिया डॉक. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा. कराचीत त्यावर कापसाच्या गाठी चढवल्या, शिवाय तेल, लाकूड. १२ एप्रिलला ते इथे लागलं. १४ ला दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. त्यांच्याच स्मरणात देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. सेन्सॉरमुळे सविस्तर बातमी छापून यायला मे महिना उजाडला. दरम्यान शहरात फक्त कुजबुज होती. कारण कुणी सांगत नव्हतं, तेव्हा माणसांनी हाताशी सापडलं ते धरलं आणि एका घरात ते नुकतं जन्मलेलं बाळ निघालं.

हे मी रागाने लिहितोय. स्फोटकांवर कापूस चढवायचा निर्णय तुमच्या वडिलांच्या जन्माच्या कितीतरी आधी झाला होता. आग लागली, दोन्ही स्फोट झाले, त्यानंतर ते जन्मले. ज्या शास्त्राचं नाव घेऊन त्यांना बोलले, तेही त्या नातेवाइकांच्या बाजूने नाही. परंपरेप्रमाणे मूळाचा पहिला चरण पित्याला, दुसरा मातेला, तिसरा धनाला वाईट मानतात आणि चौथा शुभ. वडिलांचा चौथा आहे. ग्रह माणसाचं नशीब ठरवतात का, यावर तुमचं मत काहीही असो. पण एका मुलाला आयुष्यभर हिणवायला पंचांग वापरणाऱ्यांनी ते नीट वाचलंही नव्हतं, हे, वडील हयात असतील तर, त्यांना जरूर सांगा.

पत्रिका पुन्हा करून घेणार असाल तर संगणकात वेळ साडेसात ठेवून टाइम झोन अधिक ६:३० करा, किंवा वेळ साडेसहा घालून ५:३० ठेवा. दोन्ही एकदम करू नका, तास दोनदा वजा होतो. वडिलांच्या ज्या भावंडांचा जन्म सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंतचा असेल, त्यांच्याही पत्रिका काढून बघा. छापील असतील तर त्यांतही हाच तास राहून गेलेला असण्याची बरीच शक्यता आहे.