युद्धातल्या मुलांवर लिहिताना

तुझी कविता काल गोदाकाठी बसून दोनदा वाचली. तळमळ खरी आहे, म्हणून स्पष्टच सांगते. 'रक्ताचे पाट', 'कोवळ्या कळ्या' आधी काढून टाक. वापरून वापरून हे शब्द इतके गुळगुळीत झालेत की त्यांत मूल दिसतच नाही.

एकच वस्तू धर. हिरोशिमाची सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा २ वर्षांची होती. १९५५ मध्ये, १२ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. दवाखान्यात ती औषधांच्या वेष्टनाच्या कागदांचेही क्रौंच पक्षी करायची. तो एवढासा कागद, त्यावर नखाने दाबलेली घडी... तिथून सुरुवात कर बघ.

आणि जवळचंही ऐक. देवळालीच्या बाजूने तोफांच्या सरावाचा आवाज आला की माझी नात जेवता जेवता थांबते, घास तोंडातच. "सराव चाललाय गं," म्हटलं की पुन्हा चावायला लागते. गाझातल्या मुलाच्या आईला हे वाक्य म्हणता येत नाही. मला वाटतं, तुझी कविता इथेच कुठेतरी आहे.

यमकाच्या मागे लागू नकोस. मुक्तछंदात लिही, मोठ्याने वाचून बघ आणि रविवारी घेऊन ये. ओळ न् ओळ बघू.