दीड वर्षाची मुलगी, अडीचशे शब्द: मोजायचं काय आणि बघायचं काय

तुमची मुलगी १८ महिन्यांची, फोनमधल्या यादीत २५० शब्द, "आजी देवळात गेली" इथपर्यंत मजल, आणि पाळणाघरातल्या ताईंनी "गिफ्टेड आहे हो" म्हणून टाकलं. आता अक्षरं शिकवायची का आणि तेवढ्याच वयाचा नणंदेचा मुलगा ८ शब्दांवर अडलाय त्याचं काय, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

आधी यादी तपासून घ्या, कारण इथेच सगळे फुगवतात. मुलीने आपणहून, अर्थ धरून आणि दरवेळी त्याच गोष्टीसाठी वापरलेला शब्द मोजायचा. उच्चार बोबडा असला तरी चालतो. काकाला नेहमी "ताता" म्हणत असेल तर तो शब्दच. "भू भू", "माऊ"सुद्धा धरा. तुमच्या मागून म्हटलेलं धरू नका. बडबडगीत तोंडपाठ असलं, पण त्यातले शब्द सुटे वापरत नसेल तर तेही सोडा. दे, देते, दिलं हे एकच. पाळणाघरात "वॉटर" आणि घरी "पाणी" म्हणत असेल तर एकूण शब्दांत दोन धरा, पण कल्पना एकच. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचं मोजमाप दोन्ही भाषा मिळून करायचं, नाहीतर मूल उगाच मागे दिसतं.

हे सगळं गाळूनही दोनशेच्या वर उरले तर मुलगी खरंच पुढे आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये सुधारलेल्या टप्प्यांत १८ महिन्यांना आई-बाबा सोडून ३ शब्द, २४ महिन्यांना दोन शब्दांची जोडी आणि ३० महिन्यांना सुमारे ५० शब्द अपेक्षित आहेत. पण हा उंबरठा आहे, सरासरी नव्हे. किमान ७५ टक्के मुलं जे करतात तेच त्यात घेतलंय. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या पालकांकडून भरून घेतलेल्या मॅकआर्थर-बेट्स याद्यांत दोन वर्षांचं मधलं मूल ३०० शब्दांच्या आसपास असतं, पुढची दहा टक्के ५०० च्या वर आणि मागची दहा टक्के साधारण साठाच्या आत. एवढी तफावत असताना एका आकड्यावरून मुलाची हुशारी काढणं मला पटत नाही. लवकर बोलण्याचा पुढच्या बुद्ध्यंकाशी संबंध आहे, पण माफक; आणि या वयातले बुद्धिमापनाचे गुण टिकतही नाहीत.

मी यादीपेक्षा वापर बघेन. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलते का? "बाबा ऑफिस" म्हणून दाराकडे बोट दाखवते का? नकार देते, मागते, तुमचं लक्ष वेधते, बाहुलीला भरवताना तिच्याशी बोलते का? व्याकरणातल्या चुकाही कान देऊन ऐका. येत्या वर्षभरात "मी केलं" ऐवजी "मी करलं" आलं तर आनंद माना: ते कुणी शिकवलेलं नसतं, तिने नियम स्वतः काढलेला असतो. बाबांचं ऐकून "मी जातो" म्हणेल, "मला" च्या जागी "तुला पाहिजे" म्हणेल. या वयात चालतं. र, ळ, ण उशिराच येतात, तीन वर्षांच्या आत त्यावरून टोकू नका.

उलट चित्र असेल तर सावध व्हा. कार्टूनमधली लांबलचक वाक्यं, ए-बी-सी-डी, आकडे धडाधड, पण पाणी हवं असताना मागता येत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवून काही दाखवत नाही: अशा वेळी शब्दसंख्या कितीही असो, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. १६ ते ३० महिन्यांसाठी एम-चॅट ही स्वमग्नतेची (ऑटिझम) शक्यता तपासणारी २० प्रश्नांची चाळणी आहे. येत असलेले शब्द गळून पडले तर कोणत्याही वयात थांबायचं नाही.

लवकर बोलणाऱ्या मुलांच्या घरी खरा घोळ वेगळाच होतो. जीभ तीन वर्षांची, पण राग, भूक आणि धीर दीड वर्षाचाच. "एवढं सगळं बोलतेस, मग कळत कसं नाही?" हे वाक्य घरात बंद करा, आजी-आजोबांसकट. "गॅसला हात लावायचा नाही" हे ती घडाघडा म्हणेल आणि म्हणता म्हणताच हात लावेल. त्यामुळे समजावणं एका वाक्यात, आणि मुलगी उचलून बाजूला.

दोन-अडीच वर्षांच्या सुमारास वाक्यं भराभर लांबतात तेव्हा बरीच मुलं अडखळतात. "मला मला मला ते हवंय" हे बहुधा आपोआप जातं. "नीट बोल", "सावकाश बोल" म्हणू नका. तुम्हीच सावकाश बोला आणि वाक्य तिला पुरं करू द्या. "प-प-प-पाणी" असं आवाजावर अडकणं, शब्द फुटताना चेहरा ताणणं, सहा महिन्यांहून जास्त टिकणं किंवा घरात कुणी तोतरं असणं, यांपैकी काही असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा.

अक्षरं? ती विचारेल तेवढीच. त्यापेक्षा तिचं वाक्य एका पायरीने वाढवून परत द्या: ती "काऊ उडाला" म्हणाली की "हो, काऊ भुर्रकन झाडावर उडाला". चित्रांच्या पुस्तकात "हे काय?" कमी आणि "हा का रडतोय?" जास्त, मग मनात पाचपर्यंत मोजून गप्प बसायचं. हे गप्प बसणंच पालकांना जमत नाही. स्क्रीनबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला साफ आहे: दोन वर्षांखाली नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलपलीकडे काही नाही.

आता भाचा. १८ महिन्यांना ८ शब्द घाबरण्यासारखे नाहीत. हाताने न खुणावता "चेंडू आण" म्हटलं तर आणतो का, बोट दाखवतो का, हे बघा. दोन्ही असेल तर दुसऱ्या वाढदिवसापर्यंत वाट बघायला हरकत नाही. तेव्हाही ५० शब्दांच्या आत असेल आणि शब्द जोडत नसेल तर तपासणी. सांगितलेलं आणणं किंवा बोट दाखवणं यांतलं एखादं आत्ताच दिसत नसेल, किंवा कान वारंवार फुटत असेल, तर आधी श्रवणचाचणी. नुसतं टाळी वाजवून बघणं पुरत नाही. ओएई किंवा बेरा ही यंत्राने होणारी कानाची तपासणी करून घ्यावी लागते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा व श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, आणि बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डीईआयसी हे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणारं केंद्र असतं, तिथे तपासणी मोफत होते.