कवटी शिकवायची कुठून?

प्रश्न : फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला शिकवते. मुलं २२ हाडांची नावं घडाघडा म्हणतात, पण कवटी हातात दिली की गडबडतात. काय करावं?
– एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : नावं थोडी बाजूला ठेवा, आधी कवटी धरायला शिकवा. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत हवी. तिरकी धरली की पुढचं सगळंच चुकतं. खोबणीत बोटं घालून उचलू देऊ नका. नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ, तीच आधी फुटते.

नसा-रक्तवाहिन्या जातात त्या छिद्रांसाठी पातळ रंगीत वायर घ्या. कवटीचं वरचं झाकण काढून आतल्या तळाच्या मधल्या खळग्यातून ओवायला लावा. ओव्हेल (यातून मॅन्डिब्युलर नर्व्ह, म्हणजे खालच्या जबड्याची नस, जाते) आणि स्पायनोसम (यातून मिडल मेनिंजिअल धमनी, म्हणजे मेंदूच्या आवरणाची रक्तवाहिनी) या छिद्रांमधली वायर कवटीच्या तळाशी बाहेर येते. रोटंडम या छिद्रातली येत नाही. ते पुढे, टेरिगोपॅलाटाइन फॉसात (वरच्या जबड्यामागच्या खळग्यात) उघडतं, आणि मुलं हटकून तळाशीच शोधत बसतात. हे एकदा हाताने केलं की पाठ करावं लागत नाही.

स्वस्त प्लॅस्टिक मॉडेलमध्ये स्पायनोसम पुष्कळदा बुजलेलं असतं. दुकानातच टाचणी घालून बघा, मग पैसे द्या.