आधी त्यांच्या हालचालीकडे बघ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

नागपुरात धरमपेठेतल्या ज्येष्ठ मंडळींनी तुला वर्ग घ्यायला बोलावलं, हे वाचून फार आनंद झाला. कथकमधलं काय काय घेऊ, असं विचारलंस. माझं मत विचारशील तर पहिले काही आठवडे काहीच घेऊ नकोस. कुणाचा हात वाकडा गेला, कुणाची सम चुकली, हे तुझ्या तयार नजरेला आधी दिसतं. इथे ती नजर बाजूला ठेव. हॉलमध्ये आरसे असतील तर तेही झाकून टाक.

एखाद्या काकूंचा हात खांद्याच्या वर जात नसेल तर तो सरळ करायला जाऊ नकोस. तूही तुझा हात तेवढाच उचल, त्यांच्याच गतीने. अमेरिकन नर्तकी मेरियन चेस १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मनोरुग्णांसोबत असंच काम करत. समोरच्याच्या हालचालीला त्या हालचालीनेच उत्तर देत. अबोल झालेल्या माणसापर्यंतही त्यातून पोचता येतं. १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना झाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष.

सजगतेचं, म्हणजे माइंडफुलनेसचं म्हणशील, तर जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये त्यावर आधारलेला, ताण हलका करण्याचा कार्यक्रम सुरू केला. पण शरीराकडे लक्ष ठेवण्याची ही रीत बुद्धांच्या सतिपट्ठान या उपदेशातली, आणि दीक्षाभूमीच्या गावात ती मी काय समजावून सांगू! तुझ्या गटात विपश्यना केलेलं कुणीतरी निघेलच. त्यांना बोलतं कर.

सुरुवात पायांपासून कर. सगळ्यांना अनवाणी उभं कर, हाताशी खुर्ची असू दे. वजन टाचेवर आहे की चवड्यावर, एवढंच विचार. मग हळूहळू डाव्या पायावर भार घ्यायला सांग. उजवी टाच नेमकी कधी सुटते, ते त्यांचं त्यांना कळू दे. यात पाच मिनिटं गेली तरी जाऊ देत. "मॅडम, नाच कुठाय यात?" असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पडण्याच्या धास्तीने म्हातारी माणसं घरात बसून राहतात. ती धास्ती सैल व्हायला सुरुवात इथूनच होते. विलंबित तबला त्यानंतर लाव.

डोळे मिटायची सक्ती मुळीच नको. कुणाचा तोल जातो, कुणाला जुनं काही आठवून घाबरायला होतं. रडू आलं कुणाला, तर संगीत थांबव, त्यांना बसव, पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का विचार. खोदून काही विचारू नकोस. उपचाराचं रीतसर शिक्षण तू अजून घेतलेलं नाहीस, म्हणून पाटीवर 'थेरपी' लिहू नकोस. 'हालचालीचा वर्ग' पुरे. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, हे मात्र बजावून सांग.

मे महिन्यात सकाळी साडेसहाच्या पुढची वेळ घेऊ नकोस. आणि गुडघे, रक्तदाब, चक्कर यांची चौकशी पहिल्याच दिवशी एकेकाला बाजूला घेऊन कर. चारचौघांत कुणी खरं सांगत नाही.

तुझी,
ताई