साडेचार लाखांचा सेट की पाऊण लाखाची लेन्स?

प्रश्न : मी नागपुरात महाल भागात राहते आणि इथल्याच एका दैनिकासाठी मानधनावर फोटो काढते. महिन्याचे २४ हजार ठरलेत, टीडीएस कापून २१,६०० हातात येतात. लग्नांच्या कामातून वर्षाकाठी लाख-सव्वालाख सुटतात. घरात माझे १६ हजार जातात. जवळ कॅनन ८०डी कॅमेरा आणि १८-१३५ एमएम लेन्स आहे. हिवाळी अधिवेशनाच्या आत फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि एफ २.८ च्या दोन लेन्स, असा साडेचार लाखांचा सेट घ्यायचा विचार आहे. बचत १ लाख ८० हजार आहे, उरलेले २ लाख ७० हजार तीन वर्षांच्या कर्जाने, १४ टक्के व्याजाने. जास्तीचे फोटो इतरांना विकून हप्ता निघेल असं वाटतं. बिलावर घेतलं तर टॅक्सही वाचेल, असं दुकानदार म्हणतो. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. कॅमेरा वाईट आहे म्हणून नाही, तुमची अडचण तो सोडवत नाही म्हणून.

हप्ता बसतो ९,२२८ रुपये. तीन वर्षांत व्याजापोटी ६२ हजारांच्या वर जातील. हातात येणाऱ्या मानधनातून हप्ता आणि घरखर्च भागवला की महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त तूटच येते. म्हणजे सगळा भार लग्नांवर, आणि लग्नं काही बाराही महिने नसतात. त्यात बचतीचा पैसा न् पैसा खर्च झालेला. घरी कोणी आजारी पडलं तर पहिल्यांदा कॅमेराच विकायला निघेल.

आता अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. संध्याकाळचा कार्यक्रम, कविवर्य सुरेश भट सभागृह, व्यासपीठ लांब, उजेड कमी. एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त; तुमची लेन्स १३५ वर नेली की एफ ५.६ च्या खाली येत नाही. एफ २.८ ची लेन्स त्याच्या चौपट प्रकाश आत घेते. जिथे १/६० सेकंदाच्या वेगावर वक्त्याचा हात हलून फोटो वाया जातो, तिथे त्याच आयएसओवर (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) १/२५० मिळतो. किंवा वेग तोच ठेवून आयएसओ १२८०० वरून ३२०० वर आणता येतो. हा फरक लेन्सचा आहे. नव्या बॉडीवर मंद लेन्स लावून तो मिळणार नाही.

आणि छापून काय येतं? आठ इंच रुंद, सहा इंच उंच फोटो वृत्तपत्राच्या कागदावर २०० डीपीआयने, म्हणजे इंचाला २०० ठिपक्यांनी, छापायचा तर १६०० गुणिले १२००, म्हणजे २० लाखांपेक्षाही कमी पिक्सेल लागतात. ८०डी २ कोटी ४० लाख देतो. निम्मा फोटो कापून टाकला तरी उरतंच. शिवाय त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, फुल फ्रेमपेक्षा लहान असल्यामुळे २०० एमएमची लेन्स फुल फ्रेमवरच्या ३२० सारखी चालते. विधान भवनाच्या आवारात दोरीच्या अलीकडून फोटो काढणाऱ्याला हा फायदाच आहे. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीच्या गर्दीत कोणी अंगावरच आलं, तर तिथे आहे ती १८-१३५ पुरे. जामठ्याच्या क्रिकेट सामन्याला मोठी लेन्स लागेल, ती त्या दिवसापुरती भाड्याने आणा.

म्हणून माझं मत : वापरलेली ७०-२०० एफ २.८ लेन्स, हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर असलेली, तुमच्या ८०डीवर बसणाऱ्या ईएफ माउंटची. ७५ हजारांच्या वर जाऊ नका. त्यात कॅननची बसली तर उत्तम, नाहीतर टॅमरॉनचीही चालेल. पुढे कॅननचीच मिररलेस घेतलीत तर अडॅप्टर लावून हीच लेन्स तिच्यावर चालते, पैसे वाया जात नाहीत. घेताना मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला हा रोग हमखास असतो. मूळ बिल मागा आणि त्यावरचा सीरियल नंबर लेन्सवरच्याशी जुळवा.

सहा महिन्यांचा घरखर्च ९६ हजार होतो. त्याला हात लावायचा नाही. लेन्स घेऊन नऊएक हजार उरतात, ते मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि विम्याला. विमा घेताना वापर व्यावसायिक आहे हे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर ऐन वेळी दावा अडतो.

दुकानदाराच्या टॅक्सबद्दल. तुमचं वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या आसपास. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. जो कर लागतच नाही, तो वाचवायचा कसा? उलट तुमचेच महिन्याला २,४०० टीडीएसपोटी कापले जातात, वर्षाचे २८,८०० झाले. विवरणपत्र भरता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. भरत नसाल तर एवढी रक्कम दरवर्षी सरकारकडे पडून राहते. मुदत चुकली असली तरी उशिराचं विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरून परतावा मागता येतो. त्या पैशांतून एक जुनी जादा बॉडी घ्या. एकाच बॉडीवर अधिवेशन काढणं मला फुल फ्रेम नसण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

जास्तीचे फोटो विकण्याचा हिशेब मात्र आत्ताच पुसून टाका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन सांगितलं म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच असतो. तेव्हा संपादकांशी बोला आणि न छापलेले फोटो इतरत्र विकण्याची परवानगी लेखी घ्या. त्याच बैठकीत हेही विचारा : मोर्च्यात धक्काबुक्कीत कॅमेरा फुटला तर दुरुस्ती कोणाची? तोंडी ‘बघू’ म्हणाले, तर ते ‘नाही’ समजा.

महिन्याला आठ हजारांचं आवर्ती ठेव खातं उघडलंत तर दीड वर्षात १ लाख ४४ हजार आणि वर व्याज जमेल. लग्नांचे पैसे हातात असताना हे जमण्यासारखं आहे. तेव्हा बॉडीचा विचार करू. त्याआधी दैनिकाने पगारी नोकरी दिली, किंवा ८०डीने मान टाकली, तर पुन्हा लिहा, उत्तर बदलू शकेल. ८०डीच्या शटरचं आयुष्य साधारण एक लाख क्लिकचं धरतात. तुमचे किती झालेत, ते या आठवड्यात सीताबर्डीवरच्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या.